सायकलवर माहेरी

सायकल मुळात माझी नव्हतीच. नवऱ्याने स्वतःसाठी घेतली होती. अंबाजोगाईत आमचं औषधांचं दुकान आहे. आम्ही दोघंही फार्मसी शिकलेलो, दोघंही दिवसभर काउंटरमागे. बसून बसून त्याची साखर वाढली, तेव्हा ओळखीच्या एका डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याने ती वाकड्या हँडलची, बोटाएवढ्या टायरची सायकल मागवली. थोडे दिवस हौसेने चालवली. मग कंबर धरली आणि सायकल जिन्याखाली गेली. तिच्या दांडीवर मी पायपुसणी वाळत घालू लागले.

मुलगा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी माझी पहाटे उठायची सवय तशीच राहिली, पण डबा करायचं काम राहिलं नाही. रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून काय करायचं ते कळेना. एके दिवशी उजाडायच्या आत पायपुसणं बाजूला केलं आणि सायकल काढून कॉलेजच्या मैदानावर गेले. लहानपणी वडिलांच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून चालवलेली, तेवढाच अनुभव. पण अंग विसरत नाही. दोन चकरांनंतर मी एकटीच हसत होते.

पुढे त्या डॉक्टरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये ओढली गेले. सगळे पुरुष, बाई मी एकटी. माणसं चांगली. चढावर माझ्यासाठी थांबायचे, पण थांबलोय असं दाखवायचे नाहीत. उगाच खाली वाकून टायर दाबून बघायचे. फेब्रुवारीत कोकणात जायचं, समुद्राच्या कडेकडेने दापोलीपासून खाली उतरत जायचं, असं त्यांचं ठरत होतं. त्याची तयारी म्हणून आम्ही आमच्या बालाघाटातले घाट चढत उतरत होतो. "कोकणचा रस्ता सपाट वाटतो नकाशात," त्यातले एक जाणते म्हणायचे, "खाडी आली की उतार, खाडी गेली की चढ. मांड्या इथंच तयार करून घ्या."

लाज वाटायची ती कपड्यांची. सुरुवातीला सलवार घालून गेले तर पायचा चेनमध्ये अडकून फाटला. मग अंगाला घट्ट बसणारी ती काळी विजार आणि पाठीला खिसे असलेला शर्ट घ्यावाच लागला. ते घालून पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले आणि चटकन पाठ फिरवली. जाताना अंधार असायचा, ते बरं होतं. येताना मात्र चौकात दूधवाले, रिक्षावाले, आमच्याच दुकानाची गिऱ्हाइकं. त्यासाठी मी पाठीच्या खिशात एक सुती ओढणी गुंडाळून ठेवायचे आणि गाव आलं की कमरेला बांधायचे. मंगळसूत्र वाकलं की लोंबायचं, हँडलवर आपटायचं. एकदा ब्रेकच्या तारेत अडकलं. तेव्हापासून ते निघताना आरशाशेजारच्या खिळ्याला टांगून जायचे. हातमोज्यांमुळे बांगड्याही काढायचे. टिकली घामाने आपोआपच जायची.

जानेवारीत एका घाटाच्या वळणावर वाळू होती. मागचं चाक सरकलं आणि मी गालावर पडले. हाड मोडलं नाही, पण डोळ्याखाली जांभळा डाग उठला. आठवड्याने त्याचा रंग हिरवट पिवळा झाला होता. असा डाग घेऊन मी दुकानात बसत होते, औषधं देत होते, कोणी विचारलं तर "सायकलवरून पडले" म्हणून सांगत होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही परळीचा घाट उतरलो. परळीत इडली खाल्ली. तोच घाट चढून परत यायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी माझे पाय फार चांगले चालत होते. मी म्हणाले, "तुम्ही घाटाने जा. मी घाटनांदूरवरून येते. तिथं माझं माहेर आहे. आईच्या हातचा चहा पिऊन येते."

"एकट्याच जाल?" एकाने विचारलं.

"माझाच मुलूख आहे," मी म्हणाले. नवऱ्याला तसा मेसेज टाकला आणि निघाले.

तो रस्ता मी आयुष्यभर एस.टी.च्या नाहीतर गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. सायकलवरून तो वेगळाच निघाला. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, मधूनच करडईची पिवळी फुलं, लांब कुठेतरी रेल्वेचा रूळ. उसाचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून शेजारून जायचा आणि नंतर बराच वेळ हवेत उसाचा गोडसर वास राहायचा. मी मनात ठरवत होते, आईला काय म्हणायचं. ओरडेल, हसेल, मग सगळ्या गल्लीला गोळा करून दाखवेल. लग्न झाल्यापासून मी एकटी कधीच माहेरी गेले नव्हते. नवरा सोबत असायचा, नाहीतर मुलगा, आणि हातात बॅग, पिशवीत फळं. ही गोष्ट मला दारात पोचेपर्यंत सुचलीच नाही.

गावाच्या कडेला थांबून ओढणी कमरेला बांधली. मला वाटलं, झालं.

आई दारात उन्हाला बसून सुपात तूर निवडत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. तिने आधी मला ओळखलंच नाही. भावाकडे कोणी पोरगा आलाय असं समजून "मालक दुकानात हायेत" म्हणाली. मी हेल्मेट काढलं. ती उठली तसं मांडीवरचं सूप खाली गेलं.

"काय झालं गं? जावई?"

तिचा हात माझ्या उघड्या गळ्याकडे आला. मला तिच्या तोंडाचा रंग उतरलेला दिसला आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की माझा गळा, माझं कपाळ आणि माझे हात तिला काय सांगतायत.

"आई, काही नाही झालं. ते घरी आहेत, चांगले आहेत. सायकल चालवताना मी काढून ठेवते."

"काढून ठेवती?" ती म्हणाली. मग तिने डोळे बारीक करून माझा गाल पाहिला. बोटाने हलकेच डाग चाचपला. "आन हे?"

"पडले. सायकलवरून."

माझं मनगट धरून तिने मला आत ओढलं आणि दाराचं एक फळकट लावून घेतलं. सायकल बाहेर भिंतीला टेकवलेली होती, सगळ्या गल्लीला दिसेल अशी.

भावजयीने पाणी दिलं आणि लगेच तिची एक साडी आणली. "ताई, आधी हे बदला. कुनी आलं गेलं तर..." मी आतल्या खोलीत साडी नेसत होते. निऱ्या धरायला ती खाली वाकली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "लई मारलं का?"

मला हसू आलं. मी हसले तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसणं हे त्या ठिकाणी रडण्यापेक्षा वाईट दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

बाहेर येऊन पाहते तर शेजारची म्हातारी काकू येऊन बसली होती आणि पाठोपाठ माझा भाऊ आला. तो माझ्याहून लहान. बाजारात त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. तिथपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. मी रस्त्याने जाताना मला पाहिलेल्या माणसांनी त्याला सांगितलं होतं, की तुझी अक्का सायकलवर आली, गळ्यात काही नाही, तोंड सुजलंय. तो चप्पल न काढताच आत आला.

"अक्का, कावून आलीस?"

कधी आलीस, कशी आलीस, असं नाही; का आलीस. कावून.

"सहजच रे."

"सहज कुनी सायकलवर येतं का?"

मी सांगायला लागले. ग्रुप, परळीचा घाट, कोकण, मांड्यांची तयारी. तो ऐकत होता आणि माझ्या गालाकडे बघत होता. "कोकणात जायचं म्हणून तू सायकलवर हितं आलीस?" त्याने विचारलं. ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकल्यावर मलाही ते खोटंच वाटलं. मी जितकं जास्त सांगत होते तितके त्या सगळ्यांचे चेहरे उतरत होते.

त्याने माझ्या नवऱ्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. "उचलत न्हाईत," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. त्याच्या लेखी तिथंच सगळं सिद्ध झालं.

काकू उसासा टाकून म्हणाली, "पडले, असंच म्हणतात सगळ्या."

"मी बी म्हणायचे," आई म्हणाली. "हिरीवर पाय घसरला म्हणायचे."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं. भाऊ म्हणाला, "आई, आता ते कशाला?" म्हणजे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला विहिरीची पायरी आठवली. लहानपणी आईचा ओठ सुजलेला असायचा, एकदा हात गळ्यात बांधलेला होता. आणि मी कितीतरी दिवस त्या विहिरीला भ्यायचे, पाणी आणायला गेले की खालच्या पायरीवर पाय ठेवत नव्हते. वडील गेले तेव्हा सगळ्यात जास्त मी रडले होते. मला ते शाळेत सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे.

मी आईकडे पाहिलं. ती सांडलेली तूर गोळा करायला बसली होती.

भाऊ माझ्यासमोर खाली बसला. आवाज अगदी मऊ केला त्याने. "अक्का, काय असंल ते असंल. नवरा-बायकोत व्हतंच. तू जेवून घे. मी पिकअप काढतो, सायकल मागं टाकू. दाजीला मी बोलतो. हात जोडतो त्यांना, पाया पडतो. पण मुक्काम नको."

तो आणखी जवळ सरकला. "पोरीचं जमत आलंय. चकलांब्याची माणसं पुढल्या आठवड्यात सुपारी फोडायला येणार हायेत. त्यांच्या कानावर गेलं, आत्या नांदत न्हाई, तर काय सांगू मी त्यांना?"

"चार दिस राहू दे की रे तिला," आई खाली बघतच म्हणाली.

"आई."

आई गप्प झाली. सुपातली तूर पाखडायला लागली.

मला काहीच झालेलं नव्हतं. माझा नवरा त्या वेळी कुठेतरी आरामात असणार, मला ठाऊक होतं. मी ओरडून सांगायला हवं होतं, की अरे बाबांनो, खरंच काही नाही. पण तोंड उघडेना. मी तिथे त्या बाईच्या जागी बसले होते जिला खरोखर मार बसला असता, आणि तिला जे ऐकावं लागलं असतं ते सगळं माझ्या कानांनी ऐकत होते. अंगावर भावजयीची साडी, हातात पाण्याचा तांब्या, आणि जेवून परत जायचं आहे. लाज कसली वाटत होती ते नीट सांगता येत नाही. उघड्यावर अंग धुताना कोणी पाहावं तशी होती.

तेव्हाच मला भाची दिसली. ती स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन थांबली होती. तिचं लग्न चकलांब्याला ठरत होतं आणि तिने "मुक्काम नको" ऐकलं होतं. ती माझ्याकडे नाही, तिच्या वडिलांकडे बघत होती.

मग फोन वाजला. भावाने घाईने उचलला, बटण चुकून स्पीकरचं दाबलं गेलं आणि माझ्या नवऱ्याचा आवाज सगळ्या घरभर आला.

"अरे, सलूनमध्ये गेलो होतो, फोन घरी चार्जिंगला. पोचली का ती? मेसेज आत्ता बघितला. तिला सांग, ऊन वाढेल, पाणी भरून घे म्हणावं. आणि काय रे, हुरडा निघाला असेल ना तुमचा? दे की थोडा बांधून. पाठीला खिसे आहेत तिच्या."

"हॅलो? ऐकू येतंय का?" तो म्हणत राहिला.

"येतंय दाजी, येतंय," भाऊ म्हणाला आणि फार मोठ्याने हसला. त्याच्या मागे भावजय हसली. काकू "मी म्हणलंच व्हतं, जावई तसा न्हाई" म्हणत उठली आणि गल्लीत सांगायला गेली. भाऊ स्वतः शेतात जाऊन हुरड्याची कणसं घेऊन आला. भावजयीने कढई चढवली. भजी झाली, शिरा झाला. सगळे मला वाढत होते, आणखी घे, आणखी घे म्हणत होते, आणि एकही जण माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. मीही कोणाकडे बघत नव्हते. आई माझ्या शेजारी बसून होती. तिने काही खाल्लं नाही.

निघताना मी परत माझे कपडे घातले. भाऊ पिकअपने सोडतो म्हणत होता. मी नको म्हणाले. मग तो माझ्या सायकलला हात लावून फाट्यापर्यंत बाजारातून चालत आला, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा. लोकांना हाक मारून सांगत होता, "अक्का हाय माजी, कोकणात चाललीय सायकलवर." फाट्यावर त्याने टायर दाबून पाहिलं.

"हवा बरी हाय का?"

"बरी आहे."

"अक्का, ते पोरीचं हाय म्हणून मी..."

"कळतं मला," मी म्हणाले.

त्याला तेवढंच हवं होतं. त्याचा चेहरा मोकळा झाला. मी पेडल मारलं, आणि पुढच्या सगळ्या रस्त्याला मला माझ्याच शब्दांची लाज वाटत राहिली. कळतं म्हणजे काय कळतं? मी त्याला हो म्हणून आले होते.

घरी आल्यावर नवऱ्याला मी हे गमतीची गोष्ट म्हणून सांगितलं. तो खो खो हसत होता. सलूनपर्यंत हसला, हुरड्यापर्यंत हसला, आणि मग थांबला. "म्हणजे त्यांना वाटलं, मी मारलं?"

"थोडा वेळच."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक ओळखीच्या बाई आल्या. त्यांनी माझ्याकडून गोळ्यांची पट्टी घेतली, माझा गाल पाहिला, आणि नंतर नवऱ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. त्या गेल्यावर तो म्हणाला, "आठवडाभर सगळे असंच बघत असतील. मला कळलंच नाही." थोड्या वेळाने, बरण्या पुसत, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "तू थोडे दिवस घरीच थांब. डाग जाईपर्यंत."

मी थांबले. त्याने आयुष्यात माझ्यावर आवाजसुद्धा चढवलेला नाही. तरी मी घरात बसले आणि तो दुकानात मान खाली घालून बसला. न केलेल्या गोष्टीची लाज आम्ही दोघांनी वाटून घेतली.

त्या हिवाळ्यात मी घाटनांदूरचा रस्ता पुन्हा धरला नाही. ग्रुपने तिकडचं नाव काढलं की काहीतरी कारण सांगायचे. शिवाय मंगळसूत्र शर्टाच्या आत सेफ्टी पिनेने टाचून घालायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. पिन टोचायची, पण काढत नव्हते.

फेब्रुवारीत कोकणात गेलो. जाणत्यांनी सांगितलं होतं तसाच रस्ता. उजव्या हाताला समुद्र, मग एकदम तो झाडांमागे जायचा आणि उतार सुरू व्हायचा, खाली खाडी, खाडीवर फेरीबोट. सायकली बोटीत चढवायच्या, पलीकडे उतरायचं, आणि लगेच छातीवर येणारा चढ. तांबडी माती, काजूचा मोहोर, घामात मिसळलेलं खारं वारं. दुष्काळी भागातल्या मला इतकं पाणी एका जागी बघून बोलायलाच सुचत नव्हतं. एका चढावर पाय संपले. बाकीचे पुढे गेले होते. मी उतरून सायकल ढकलत राहिले आणि कारण नसताना रडले.

गुहागरच्या अलीकडे एका घरी नाश्त्याला थांबलो. घावन वाढता वाढता घरधनीण मला म्हणाली, "तुम्ही एकट्याच बाई यांच्यात? घरचे काय म्हणाले?"

"नवऱ्यानेच दिली सायकल," मी पटकन म्हणाले. "त्यांचीच आहे. तेच म्हणाले, जा." आणि शर्टाच्या आतून मंगळसूत्राची वाटी बाहेर काढून गळ्यावर ठेवली. तिने सहज विचारलं होतं. ती पुढच्या ताटाकडे गेलीही. मी मात्र ओळखपत्र दाखवावं तशी ती वाटी धरून बसले होते. समोर समुद्र होता आणि घावन ताटात गार झालं.

भाचीच्या लग्नाच्या आधी आईचा डोळा करून घ्यायचा होता. ती ऑपरेशनसाठी आमच्याकडे अंबाजोगाईला आली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या डोळ्यात थेंब टाकले आणि ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं, झोपली.

"त्या दिवशी मी बोलले न्हाई," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"तू सायकलवर आलतीस. चार दिस राहू दे म्हणले आन गप बसले."

"अगं, पण मला काही झालंच नव्हतं."

"तुला न्हाई झालं. मला तर वाटलं ना, झालं म्हणून." तिने मिटलेल्या डोळ्यावर हात जाऊ नये म्हणून दोन्ही हात पोटावर धरून ठेवले होते. "मला वाटलं, आन तरी मी गप बसले."

मी थेंबाच्या बाटलीचं झाकण लावत राहिले. मग तिने सांगितलं, की तीही एकदा अशीच माहेरी गेली होती. चालत. मी कडेवर होते. तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मामाने, दिवस मावळायच्या आत बैलगाडी जुंपली आणि तिला परत आणून सोडलं.

"मामानं?" मी विचारलं. माझा मामा. उन्हाळ्यात आम्हाला न्यायला यायचा, झाडावर चढून आंबे द्यायचा.

"मामानंच. लई रडला तो गाडी जुपताना. तुझ्या बापाच्या पाया पडला."

"मग?"

"मग काय. नांदले." ती म्हणाली. "तू भावावर राग धरू नको. त्याला शिकवलं कुनी? लहानपणापासून त्यानं मला हिरीवरच पडताना पायलं."

मी राग नाही म्हणाले. ते खरं होतं. राग आला असता तर सोपं गेलं असतं. मी तिचे पाय दाबायला बसले. तिने पाय ओढून घेतले, म्हणाली, "राहू दे, मालकीणबाई दुकानात जा, लोकं खोळंबली असतील." पण मी उठले नाही, आणि मग तिनेही पाय पुन्हा लांब केले.

भाचीचं लग्न थाटात झालं. मी गाडीतून गेले, अंगभर दागिने घालून, नवऱ्यासोबत. भावाने माझ्या नवऱ्याला सगळ्यांच्या पुढे मान दिला, फेटा बांधला, दोनदा मिठी मारली. नवरा अवघडून गेला होता. कोणी तरी थट्टेने विचारलं, "ताई, सायकल न्हाई आणली का?" मंडपभर हसले लोक. मीही हसले.

पाठवणीच्या वेळी भावाने लेकीला जवळ घेतलं. तो म्हणाला, "कधी बी ये, पोरी. दार उघडं हाय." तो ते मनापासून म्हणत होता. त्याच्या खांद्यावरून तिचे डोळे माझ्याकडे आले आणि मी पदर सारखा करायच्या निमित्ताने खाली पाहिलं. ती आता चकलांब्याला सुखात आहे असं सगळे सांगतात. मी तिला अधूनमधून फोन करते. एकदा तिला म्हणाले, "काही लागलं तर माझ्याकडे ये. अंबाजोगाई लांब नाही." ती म्हणाली, "व्हय आत्या." आणि दोघींनी विषय बदलला.

माझा भाऊ पूर्वी सणावारालाच फोन करायचा. आता दर रविवारी करतो. पाऊसपाणी विचारतो, दाजींची साखर विचारतो, मग म्हणतो, "बाकी घरी सगळं ठीक हाय ना, अक्का?"

"ठीक आहे," मी म्हणते. आणि तो लगेच फोन ठेवत नाही. दुकानातला गलका ऐकू येत असतो, कोणी तरी युरियाचा भाव विचारत असतं, तो त्याला हाताने थांबवत असणार. मीही ठेवत नाही. त्या "मुक्काम नको"वर त्याला अजून काही म्हणायचं असतं. ते काय असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून मीच शेवटी म्हणते, "बरं, ठेवते आता."